व्हॅम्पायर, वेताळ व हडळ

दैनिक वृत्तपत्राच्या ज्या स्तंभात बाजारभाव, कायदेमंडळ व नगरपालिका यांचा खल व्हावयाचा, तो स्तंभ भुताखेतांस द्यावा हे आमच्या कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. पेढीवर बसून अंक चाळणारे व्यापारी तर मथळा पाहताच पान उलटतील. त्यांस आमची एवढीच विनंती आहे की, क्षणभर थांबावे. भुते आहेत की नाहीत हा वाद आम्हांस आज घालावयाचा नाही. तो वाद घालून कोणाचे भूत उतरल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आमचा विषय भुतांची नावे हा आहे. ही नावे कोणत्या मृत्यूंवरून पडली आणि ती पडल्यावर कोणाकोणास त्यांचा जाच झाला, हे शोधू गेले असता एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. भुतांची नामावळी ही लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली मृत्यूंची खतावणी आहे. तीतील रकमा बहुधा खऱ्या आहेत. मात्र त्या भलत्याच असामीच्या खात्यावर टाकलेल्या आहेत.

व्हॅम्पायर हे नाव सिनेमामुळे आमच्या शहरांतील शाळकरी मुलांसही ठाऊक झाले आहे. काळा झगा, लांब सुळे व पडका किल्ला हे त्याचे सोंग बव्हंशी ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीने आणि तिच्यावरून निघालेल्या नाटकांनी व चित्रपटांनी उभे केले. मूळचा व्हॅम्पायर सरदार नव्हता. तो बाल्कन प्रांतातील साधा शेतकरी होता. फुगलेला, तांबूस चेहऱ्याचा, अंगावर प्रेतवस्त्र घेतलेला असा तो आपल्याच बायकापोरांच्या व शेजाऱ्यांच्या उरावर बसे. सर्बियात त्यास वाम्पिर म्हणत, रशियात उपीर. रुमानियातील स्त्रिगोई हे नाव रात्री ओरडणाऱ्या अशुभ पक्ष्याच्या लॅटिन नावापासून आले. ग्रीक लोकांचा व्रिकोलाकास तर मुळात भूतच नव्हे. स्लाव लोकांत तो लांडग्याचे रूप घेणारा जिवंत मनुष्य होता, ग्रीसमध्ये येताच तो थडग्यातून उठणारे प्रेत झाला. ‘नोस्फेरातू’ या नावाची गोष्ट याहूनही मौजेची आहे. एमिली जेरार्ड या बाईंनी १८८५ साली ते रुमानियन म्हणून छापले, स्टोकरने ते उचलले, १९२२ साली जर्मनीत त्याच नावाचा चित्रपट निघाला. आणि रुमानियन भाषेत असा रूढ शब्दच नाही. भूत एखादे वेळी उतरेल, परंतु एकदा छापलेला शब्द उतरणे कठीण! रक्त पिणाऱ्या वटवाघळासही हे नाव भुतावरूनच मिळाले. त्या वटवाघळाच्या तिन्ही जाती अमेरिका खंडातल्या. आमच्या वडाला लटकणाऱ्या गरीब प्राण्यावर तो आळ घेण्याचे कारण नाही.

हे खेड्यातील भूत साऱ्या युरोपाच्या दप्तरी कसे चढले, ती हकीगत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. १७१८ च्या पोझारेवात्सच्या तहाने उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे आला व १७३९ पर्यंत त्याच्याकडे राहिला. १७२५ साली त्या मुलखातील किसिल्येवो गावी पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला. त्यास पुरून दहा आठवडे झाल्यावर गावातील नऊ माणसे आठ दिवसांच्या आत एकेका दिवसाच्या दुखण्याने गेली. मरतेवेळी त्यांनी सांगितले की, पेटार रात्री येऊन उरावर बसला व त्याने गळा दाबला. त्याच्या बायकोने सांगितले की, तो आपल्याकडेही आला होता व स्वतःच्या वहाणा मागत होता. ती बिचारी गाव सोडून निघून गेली.

गावकऱ्यांनी प्रेत उकरण्याची परवानगी मागितली. फ्रोम्बाल्ड नावाचा बादशाही अंमलदार म्हणाला, बेलग्रेडहून हुकूम येईपर्यंत थांबा. गावकरी म्हणाले, हुकूम येईपर्यंत गाव उरणार नाही. तुम्ही येत नसाल तर आम्हीच घरेदारे सोडून जातो. निरुपायाने तो एका धर्मोपदेशकास घेऊन थडग्यापाशी गेला. नाक थोडे झडले होते, बाकी देह ताजा दिसत होता. केस, दाढी व नखे वाढल्यासारखी होती, जुनी कातडी सुटून खालून नवी आल्यासारखी होती, तोंडात रक्त होते. गावकऱ्यांनी अणकुचीदार मेख छातीत ठोकली व प्रेत जाळून टाकले. फ्रोम्बाल्डने वरिष्ठांस हे सर्व कळविले आणि शेवटी असे जोडले की, यात काही चूक घडली असेल तर तिचा दोष मजकडे नसून भयाने बेभान झालेल्या जमावाकडे आहे. सरकारी कागदांशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्या आमच्या वाचकांस ही भाषा अनोळखी वाटणार नाही.

त्याच वर्षी २१ जुलै रोजी व्हिएन्नाच्या ‘विनरिशेस डायरियम’ या पत्राने हा वृत्तान्त छापला. म्हणजे व्हॅम्पायरास खेड्याबाहेर आणण्याचे पहिले श्रेय आमच्याच धंद्याकडे जाते, हे आम्हांस खाली मान घालून कबूल केले पाहिजे.

पुढे १७३१ च्या अखेरीस मोराव्हा नदीकाठच्या मेद्वेजा गावी तीन महिन्यांत सतरा माणसे मेली. सुमारे पाच वर्षांपूर्वी तेथे आर्नोल्ड पाओले नावाचा शिपाई गवताच्या गाडीवरून पडून मेला होता, व तो व्हॅम्पायर झाला असे ठरवून त्यास मेख मारून जाळलेही होते. आता त्याचीच लागण गुराढोरांच्या मांसातून पुढे पसरली, असे लोक म्हणू लागले. प्रथम ग्लासर नावाचा साथीचा वैद्य पाठविण्यात आला. त्यास साथीचा रोग आढळला नाही; कडक उपासांनी लोकांची शरीरे खालावली आहेत, एवढे मात्र त्याने टिपले. लोकांचे समाधान झाले नाही. तेव्हा फ्ल्युकिंगर नामक लष्करी शस्त्रवैद्य आपल्या दोन सहकाऱ्यांसह गेला व त्याने थडगी उकरवून एकेका प्रेताची तपासणी लिहून काढली. २६ जानेवारी १७३२ चा तो अहवाल पुढे छापला गेला, व त्या वर्षी युरोपातील पत्रांतून, पुस्तिकांतून आणि विद्यापीठांतून दुसरी चर्चा नव्हती असे म्हटले तरी चालेल. इंग्रजी भाषेत हा शब्द रुळला तो याच वर्षीच्या लंडनच्या वृत्तपत्रांतून. आणि दोनतीन महिने लोटतात न लोटतात तोच तेथील एका विरोधी पत्राने प्रजेचे रक्त शोषणाऱ्या मंत्र्यांस तो लावूनही टाकला.

या अहवालातील पहिलेच नाव आमच्या आजच्या लेखाचे खरे कारण आहे. ते असे: स्ताना, वय वर्षे वीस. दोन महिन्यांपूर्वी बाळंतपणात तीन दिवस आजारी राहून मेली. मूल जन्मताच गेले, व ते नीट न पुरल्यामुळे कुत्र्यांनी अर्धे खाल्ले. जिवंतपणी तिने एकदा व्हॅम्पायरच्या उपद्रवापासून वाचण्यासाठी त्याचे रक्त अंगाला फासले होते, म्हणून ती व तिचे मूल दोघेही व्हॅम्पायर होणार असे गावाने ठरविले होते. शस्त्रवैद्याने प्रेत चिरून पाहिले. छातीत रक्त पातळ होते, आतडी ताजी होती, हातापायांची नखे गळून खाली नवी दिसत होती. आणि त्याच दमात त्याने हेही लिहिले की, गर्भाशय फार वाढलेले व बाहेरून दाह झालेले होते, कारण वार आत राहून पूर्णपणे कुजली होती.

वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. वीस वर्षांची ओली बाळंतीण. वार पडली नाही, आत कुजली, तिसऱ्या दिवशी प्राण गेला. मृत्यूचे कारण वैद्याच्या हातात होते, नव्हे त्याच्याच लेखणीतून कागदावर उतरले होते. तरीही खाली तीन शस्त्रवैद्यांच्या सह्या झाल्या, दोन लष्करी अधिकाऱ्यांची साक्ष पडली, आणि ज्या प्रेतांस व्हॅम्पायरची अवस्था आली असे ठरले त्यांची शिरे तोडून, देह जाळून राख मोराव्हा नदीत टाकण्यात आली. अडाणी गावकऱ्यांनी चूक केली हे एक वेळ समजण्यासारखे आहे. परंतु डोळ्यांनी जे पाहिले, त्याच्यावर कानांनी जे ऐकले होते त्याने मात केली, आणि तीही शिकलेल्या माणसांच्या बाबतीत, हे पाहून आम्हांस अधिक वाईट वाटते.

प्रेताच्या त्या भयंकर दिसणाऱ्या लक्षणांचा उलगडा आता पूर्णपणे झालेला आहे. पॉल बार्बर या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ च्या आपल्या ग्रंथात जुन्या अहवालांतील एकेक लक्षण घेऊन ते शववैद्यकाशी ताडून दाखविले. प्रेत कुजू लागले म्हणजे पोटात वायू धरतो, देह फुगतो व मनुष्य मेल्यावर पुष्ट झाल्यासारखा दिसतो. तोच वायू फुप्फुसांतील रक्तमिश्रित पाणी तोंडाशी लोटतो. वरची कातडी सुटते व आतली ओली कातडी नवी भासते. त्वचा आक्रसते म्हणून नखे व दाढी वाढल्यासारखी दिसतात. गोठलेले रक्त पुन्हा पातळ होऊ शकते. मेख मारताच छातीतला वायू कंठातून बाहेर पडला की आवाज होतो. पाओले ‘कण्हला’ तो असा. थंड हवेत व खोल मातीत कुजण्याची क्रिया मंदावते, म्हणून हिवाळ्यात पुरलेले प्रेत दोन महिन्यांनीही ओळखू येण्याजोगे राहते. सारांश, मेद्वेजाच्या लोकांनी पाहिले ते सर्व खरे होते. अमुक दिवसांनी प्रेत कसे दिसावे याची त्यांची कल्पना तेवढी चुकीची होती.

ही गोष्ट राजदरबारी पटवून देणारा पुरुष १७५५ साली निघाला. मोराव्हिया व सायलीशिया यांच्या सीमेवरील हर्मर्सडॉर्फ गावी रोझिना पोलाकिन नावाच्या स्त्रीचे प्रेत धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने उकरून, डोके तोडून जाळण्यात आले. मारिया थेरेसा राणीने लगोलग वैद्य पाठविले आणि आपला राजवैद्य गेरार्ड फान स्वीटेन याजकडून अभिप्राय मागविला. स्वीटेन हा हॉलंडातील लायडन विद्यापीठाच्या तालमीत तयार झालेला. त्याने स्पष्ट लिहिले की, प्रेत न कुजण्यास नैसर्गिक कारणे आहेत, आणि या प्रकरणी ज्ञानापेक्षा भय व अज्ञान यांनीच निवाडा केला आहे. राणीने फर्मान काढले की, यापुढे भुताटकीच्या सबबीवर सरकारी चौकशीवाचून कोणाही धर्माधिकाऱ्याने प्रेतास हात लावू नये. आमचे कित्येक सनातनी मित्र नेहमी विचारतात की, लोकांच्या समजुतीत सरकारने का पडावे. ज्या समजुतीत दुसऱ्याच्या मेलेल्या आईचे डोके तोडावे लागते, ती केवळ समजूत राहत नाही, एवढेच आमचे उत्तर आहे.

फर्मानाने व्हॅम्पायर मेला असे नाही. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड संस्थानात एक्झेटर गावी ब्राउन नावाच्या कुटुंबातील आई व थोरली मुलगी क्षयाने गेल्या होत्या; १८९२ च्या जानेवारीत एकोणीस वर्षांची मर्सीही गेली व तिचा भाऊ अंथरुणास खिळला. शेजाऱ्यांनी आग्रह धरला. १७ मार्च रोजी मर्सीचे प्रेत बाहेर काढले, तिचे काळीज जाळले व ती राख पाण्यातून भावास पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉखने १८८२ सालीच जाहीर केला होता, म्हणजे ज्ञान निघून दहा वर्षे झाली होती. ते एक्झेटरच्या त्या शेतावर तेवढे पोहोचले नव्हते. रुमानियातील एका खेड्यात असाच काळीज जाळून राख पिण्याचा प्रकार २००४ साली घडला व नातलगांवर फौजदारी कारवाई झाली. त्या भागांत आता पोलीस पोहोचतात, हा फरक लहान नव्हे.

आता वाचक म्हणतील, हे सर्व परदेशचे झाले, आमच्याकडे व्हॅम्पायर कोठे आहे? आमच्याकडे तो नाही. परंतु एका साहेबाने तो आमच्या माथी मारला. रिचर्ड बर्टन याने १८७० साली वेतालपंचविशीच्या कथा इंग्रजीत आपल्या ढंगाने सांगितल्या आणि पुस्तकास नाव दिले ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’. तेव्हापासून इंग्रजी वाचणाऱ्यांच्या मनात वेताळ म्हणजे रक्तपिपासू प्रेत असे समीकरण बसले. वास्तविक या कथांतील वेताळ प्रेतात शिरतो, राजाच्या खांद्यावर बसतो आणि त्यास न्यायाची कोडी घालतो. त्यास रक्ताची तहान नाही; त्यास बोलण्याची हौस आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’तही तो असाच आहे.

तळकोकणात व गोव्यात तर वेताळ हा गावराखण करणारा देव आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबास भाविक केळ्यांचे घड व मोठमोठ्या चामडी वहाणा वाहतात. देव रात्री गावाची फेरी करतो व त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. आम्ही काही वहाणा वाहण्याचे व्रत सांगत नाही. परंतु किसिल्येवोचा पेटार बायकोपाशी वहाणाच मागत होता, हे वाचून आम्हांस हसू आल्यावाचून राहिले नाही. रात्री फिरणाऱ्याचे भय दोन्हीकडे सारखेच. तेथे त्यास मेख मिळाली, येथे जोडा मिळाला; आणि या एका बाबतीत कोकणी माणसाचा स्वभाव आम्हांस अधिक शहाणा वाटतो.

परंतु हा अभिमान फार वेळ टिकत नाही. वेताळास देव करणाऱ्या त्याच कोकणाने आपल्या बाळंतिणींस काय केले? नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, जे १९०९ साली अनंत कान्हेरे यांच्या गोळीने मारले गेले, त्यांनी लोकसमजुतींविषयी प्रश्नांची एक लांबलचक यादी काढून ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठविली होती. मास्तरांनी लिहून धाडलेली उत्तरे एन्थोव्हेन यांनी पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. कोकणाचा भाग १९१५ साली निघाला. त्यातील भुतांची वर्गवारी पाहावी. मुंज झाली पण लग्न न होता मेला तो मुंजा. बुडून मेला तो गिऱ्हा. धनाची वासना ठेवून अथवा निपुत्रिक मेला तो समंध. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट. पोटुशी असता अथवा प्रसूत होता होता मेली ती अळवंतीण. आणि प्रसूतीनंतर दहा दिवसांच्या आत किंवा विटाळशी असता मेली ती हडळ. स्थळपरत्वे या व्याख्या थोड्याफार बदलतात, पण धोरण एकच आहे. पुरुषास भूत होण्यासाठी काहीतरी विशेष घडावे लागते. बायकोची जात मात्र कुमारी सोडली तर कोणत्याही अवस्थेत मरो, तिच्यासाठी एक नाव तयार आहे.

बाळंतीण मेली म्हणजे तिच्यामागून वाटेवर राळे टाकीत जाण्याची चाल कोकणात होती. तो प्रत्येक दाणा वेचल्यावाचून तिला घरी परतता येत नाही, आणि रात्र सरेपर्यंत ते वेचून होत नाही, अशी समजूत. पूर्व युरोपात व्हॅम्पायरच्या वाटेवर व थडग्यावर खसखस किंवा बाजरीसारखे बारीक धान्य टाकीत, तेही याच हिशेबाने. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन मुलखांनी आपल्या मेलेल्या माणसास दारापासून दूर ठेवण्यासाठी एकच युक्ती काढावी, हे विलक्षण आहे. मलाया देशातही बाळंतपणात मेलेली स्त्री लांगसुइर होऊन तान्ह्या मुलांचे रक्त पिते असे मानीत. मेक्सिकोच्या ॲझटेक लोकांनी मात्र अशा स्त्रीस रणात पडलेल्या वीराचा मान दिला होता. तरी तिचे भय त्यांसही सुटले नव्हते. ज्या मुलाला पाजावयाचे राहिले त्यासाठी ती परत येईल, असे सर्वांस का वाटावे, हे कोणाही आईस विचारावे.

आता त्या दहा दिवसांकडे वळू. हडळीची ही मुदत कोणी पंचांग पाहून ठरविली नाही. सोयर दहा दिवसांचे असते म्हणून ती आली असे म्हणता येईल. परंतु वैद्यकशास्त्राचा कोणताही ग्रंथ उघडला तर सूतिकाज्वर म्हणजे बाळंतिणीचा विषारी ताप बहुतकरून पहिल्या दहा दिवसांतच उद्भवतो असे आढळेल. आमच्या आज्या-पणज्यांनी डोळ्यांदेखत सुना व लेकी या मुदतीत जाताना पाहिल्या, मुदत अचूक हेरली, आणि कारण ठाऊक नसल्यामुळे मेलेलीच्याच नावावर ते मांडून टाकले. तापाचे कारण शोधले गेले ते व्हिएन्ना शहरात. मारिया थेरेसाचा पुत्र जोसेफ याने १७८४ साली सुरू केलेल्या मोठ्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरियन वैद्य प्रसूतिविभागात होता. सुईणींच्या कक्षापेक्षा वैद्यक विद्यार्थ्यांच्या कक्षात बायका कितीतरी अधिक मरतात, हे त्याने पाहिले. विद्यार्थी प्रेते चिरून त्याच हातांनी बाळंतिणींस तपासावयास येत. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा अठराहून अधिक असलेला मृत्यूंचा आकडा जूनमध्ये शेकडा दोनच्या घरात आला. त्याच्या वरिष्ठांस ते रुचले नाही. सभ्य डॉक्टराच्या हातास घाण असू शकते, हे मान्य करणे त्यांस हडळ मान्य करण्याहून जड गेले. १८६५ साली सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात मेला.

बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा कोयता ठेवण्याची चाल आम्ही स्वतः पाहिली आहे. पाचवीच्या रात्री सटवीच्या भयाने घर जागे राही, हेही आम्हांस आठवते. तान्ह्या मुलास दूध ओढवेनासे होते, दातखीळ बसते, अंग धनुकलीसारखे ताठते, हा प्रकार तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत होतो. त्यास धनुर्वात म्हणतात, आणि तो न उकळलेल्या हत्याराने नाळ कापल्याने किंवा नाळेवर शेण-राख लावल्याने होतो. सटवीस अडविण्यासाठी उशाखाली ठेवलेला विळाच जर नाळेवर चालविला असेल, तर सटवी कोठून आली हे सांगावयास भगत नको. गरोदरपणी आईस टोचलेली लस व स्वच्छ हत्यार यांच्या बळावर माता व नवजात अर्भके यांचा धनुर्वात हिंदुस्थानातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटला, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. पाचवीच्या कोणत्याही पूजेने हे साधले नव्हते.

आमचे काही रसिक मित्र म्हणतील, आता बायका इस्पितळात बाळंत होतात, हडळ गोष्टींच्या पुस्तकांत उरली आहे, तिला तेथे सुखाने राहू द्या. गोष्टींत ती खुशाल राहो. आम्हांसही तिच्या गोष्टी आवडतात. २०१८ ते २०२० या वर्षांच्या सरकारी नमुना पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे बाळंतिणींचे मृत्यू साऱ्या देशात ९७ व महाराष्ट्रात ३३ असे भरले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु दर हजार बाळंतिणींत एकीदोघींस पहिल्या पंधरवड्यात बुद्धिभ्रंशाचा तीव्र विकार होतो. तिला झोप येत नाही, ती असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, मूल आपले नव्हे म्हणते. हा औषधाने बरा होणारा विकार आहे. मात्र उपचारास उशीर झाला तर आई व मूल दोघांच्याही जिवास धोका असतो. मुदत पुन्हा तीच आणि नावही पुन्हा तेच. घरातील वडील मंडळी म्हणतात, हडळ लागली, बाहेरची बाधा आहे. आणि डॉक्टरआधी भगताकडे किंवा देवऋषाकडे निरोप जातो. तेथे अंगारा-उताऱ्यावर निभावले तर नशीब. एरवी मिरच्यांची धुरी, केस ओढणे व छडीचा मार हे ठरलेले आहे, आणि तो मार हडळीस लागत नाही.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा नेमका या ठिकाणी उपयोगी पडतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी अनेक वर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर चारच दिवसांत वटहुकूम निघाला व डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. भूत उतरविण्याच्या बहाण्याने दोराने अगर साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे त्याच्या अनुसूचीतील पहिलेच कलम आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. जिवंत माणसावर करणी-चेटकाचा आळ घेऊन त्याचे जगणे मुश्किल करणे हाही याच कायद्याने गुन्हा आहे. डाकिनी हे तंत्रग्रंथांतील देवतेचे नाव. ते सातपुड्याच्या पाड्यांत उतरता उतरता डाकीण झाले, आणि पुष्कळदा एकट्या राहणाऱ्या, थोडीशी जमीन असलेल्या बाईच्या कपाळी बसले. जमीन कोणास हवी होती याचा तपास पोलिसांनी आधी करावा, अशी आमची सूचना आहे.

नाव दिले की जमावाचे काम सोपे होते. दक्षिण मलावीत २०१७ साली रक्तपिपासू माणसे हिंडत असल्याची आवई उठली. जमावांनी संशयितांस ठार मारले आणि संयुक्त राष्ट्रांस काही जिल्ह्यांतून आपली माणसे मागे घ्यावी लागली. १ जुलै २०१८ रोजी आमच्या धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी भिक्षा मागून पोट भरणारे पाच भटके लोक जमावाने ठेचून मारले. तेथे भुताचे नाव नव्हते, ‘मुले पळविणारी टोळी’ हे नाव होते, व ते हातोहाती दूरध्वनियंत्रांवरून पसरले होते. १७३२ साली हे काम वृत्तपत्रांनी केले. मेद्वेजाची बातमी लंडनास पोहोचावयास दोन महिने लागले होते, इतकाच फरक.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या पेढीवर व दुकानात गावाकडची माणसे नोकरीस असतात. त्यांच्यापैकी कोणी बायको बाळंत झाली म्हणून रजा मागितली तर आपण ती देता, पेढे घेता. आठव्या दिवशी तोच मनुष्य उधार पैसे मागावयास येतो व मान खाली घालून सांगतो की, घरात बाहेरची बाधा झाली आहे, देवऋषास बोलाविले आहे, कोंबडे व नारळ घ्यावयाचे आहेत. अशा वेळी त्याच्याशी भूत आहे की नाही याचा वाद घालीत बसू नये. ताप आहे का, वार पुरी पडली होती का, तिला झोप लागते का, एवढे तीन प्रश्न विचारावे. आणि पैसे मोजून देण्यापूर्वी १०८ या क्रमांकावर गाडी मागवावी.